फँटसी कादंबरी: प्रेम, मैत्री, निष्ठा हे तिन्ही धागे एकसारखेच वाटतायत

खर्डा_तिसरा

साहसी फँटसी कादंबरी आहे. ९० हजार शब्द, ३६ प्रकरणं. चौघांची मोहीम: नकाशे काढणारी इरा, तिचा लहानपणापासूनचा मित्र सोनक (नावाडी), राणीचा शपथबद्ध अंगरक्षक भार्गव आणि अर्धवट मंत्रविद्या शिकलेली नीर. हरवलेली राजमुद्रा शोधून राणीकडे आणायची. भार्गवला गुप्त हुकूम आहे की मुद्रा हाती आली की नीरला संपवायचं. दरम्यान इरा आणि भार्गव एकमेकांच्या प्रेमात पडतात. हुकुमाचं गुपित २२व्या प्रकरणात फुटतं.

खर्डा वाचणाऱ्यांचे तीन आक्षेप आले. एक, इरा-सोनकची मैत्री सांगितली जाते, दिसत नाही. दोन, भार्गवचा दगा आभाळातून पडल्यासारखा वाटतो. तीन, उत्तरार्धात प्रेमकथा सगळं गिळून टाकते. प्रसंग वाढवायचे की बदलायचे? नेमकं कुठे?

उलटतपासणी

प्रसंग वाढवू नका. तिन्ही नात्यांना तुम्ही बहुधा एकच काम दिलं आहे: एकाने दुसऱ्यासाठी जीव धोक्यात घालणं. साहसकथेत ते सगळेच करतात, शत्रूचे पगारी शिपाईसुद्धा. त्यावरून नातं कोणतं ते ओळखू येत नाही. प्रत्येक नात्याला स्वतःची अशी एक कृती लागते, जी दुसऱ्या नात्यात शोभणार नाही.

मैत्रीची खूण म्हणजे नकार. शपथबद्ध माणूस ‘नाही’ म्हणाला तर तो फितूर ठरतो. मित्र ‘नाही’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सोबत चालतो. सोनकने पहिल्या दहा प्रकरणांत इराला एकदा स्वच्छ नकार द्यावा, तोही अशा बाबतीत की तिचं खरंच नुकसान होईल. समजा तिला रात्रीच नदी ओलांडायची आहे आणि तो नाव पाण्यात घालत नाही. ती चिडते, एक दिवस वाया जातो, आणि त्यांचं काहीही तुटत नाही. लहानपणच्या आठवणींची पाच पानं जे करणार नाहीत ते एवढ्याने होतं.

प्रेमाची खूण पक्षपात. प्रेमात पडलेलं माणूस तिसऱ्यावर अन्याय करतं. इराला भार्गवच्या वागण्यात खोट दिसते आणि ती डोळेझाक करते, आणि त्याची किंमत नीर मोजते. हे आलं की प्रेमकथा मोहिमेच्या बाहेर उभी राहत नाही, मोहीम बिघडवायला लागते. तिसरा आक्षेप बराचसा इथेच सुटेल.

निष्ठेबद्दल आधी एक ठरवा: कोणाशी? व्यक्तीशी, पदाशी, दिलेल्या शब्दाशी की ध्येयाशी? भार्गव राणीशी बांधलेला आहे की गादीशी? राणी उद्या मेली तर हुकूम उरतो का? याचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर २२व्या प्रकरणात तो जे करतो ते लेखिकेच्या सोयीचं वाटणारच.

आणि वेळ. कर्णाचं उदाहरण घ्या. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्माचं सत्य सांगतो, पुढे कुंतीही येऊन विनवते. हे सगळं युद्धाच्या आधी घडतं. सत्य कळल्यावर, राज्य समोर दिसत असताना, तो दुर्योधनाला सोडत नाही. आईला मात्र अर्जुन सोडून बाकी चौघांना मारणार नाही असा शब्द देतो. म्हणजे पूर्ण माहिती, खरा पर्याय, आणि निष्ठेतच काढलेली एक फट. हेच सत्य त्याला रणात मरताना कळलं असतं तर फक्त हळहळ वाटली असती, त्याची निवड दिसली नसती. भार्गवलाही सगळं आधी कळू द्या.

एक काम कागदावर करा. चार पात्रं म्हणजे सहा जोड्या, आणि दोन्ही बाजू धरल्या तर बारा नाती. प्रत्येकासाठी एकच वाक्य लिहा: याला त्याच्याकडून काय हवंय आणि तो काय लपवतोय. कुठे पेन अडतं ते पाहा. माझा अंदाज सोनक-नीर.

शिदोरी

वरच्या प्रतिसादात मनाचा हिशेब आला, मी ओझ्याचा सांगतो. मोहिमेच्या कथेत नाती दाखवायला सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची जागा म्हणजे सामान, अन्न आणि पहारा, आणि बहुतेक खर्डे नेमकं तेच ‘ते दहा दिवस चालत राहिले’ म्हणून उडवतात.

आकडे असे धरा. ओझं घेऊन पायी चालणारा धडधाकट माणूस बऱ्या वाटेवर दिवसाला २५ किमी जातो. कोरडा शिधा माणशी दिवसाला साधारण ७०० ग्रॅम. चौघांचा दहा दिवसांचा शिधा २८ किलो, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर सात. पांघरूण, हत्यार, भांडं वेगळं. पाणी त्याहून जड: माणशी दिवसाला तीन-चार लिटर, म्हणजे तितकेच किलो. वाटेत पाणी नसेल तर दोन दिवसांपलीकडे कोणी ते वाहून नेऊ शकत नाही.

आता कोणाचा तरी घोटा मोडा. सोनकचा मोडा. मुक्काम १५० किमी दूर, शिधा दहा दिवसांचा. चौघं एकत्र राहिले तर वेग दिवसाला १० किमीवर येतो आणि पंधरा दिवस लागतात. पाच दिवसांचं अन्न कमी पडतं. दोघं पुढे गेले तर ते सहा दिवसांत पोचतात आणि मदत घेऊन सहा दिवसांत परततात. जाताना त्यांना दोघांचा सहा दिवसांचा, म्हणजे बारा वाटे शिधा लागतो. परतीचा तिकडे मिळेल. एकूण चाळीस वाट्यांपैकी अठ्ठावीस मागे राहतात. मागे थांबलेल्या दोघांना बारा दिवस काढायचे, म्हणजे चोवीस वाटे. पुरतं!

गणित जमतं म्हणूनच हा प्रसंग उपयोगाचा. ‘मित्राला मरायला सोडून जायचं का’ या प्रश्नाला वाचकाला उत्तर आधीच माहीत असतं. इथे प्रश्न वेगळा आहे: मागे कोण थांबणार? जो थांबेल त्याला मुद्रा मिळण्याच्या वेळी तिथे हजर राहता येणार नाही. इरा थांबली तर नकाशा वाचणारं कोणी पुढे जात नाही. नीर थांबली तर ती भार्गवपासून वाचते, पण हे फक्त भार्गवलाच ठाऊक आहे. तो काय सुचवतो? त्याने स्वतःहून ‘नीरला थांबू दे’ म्हटलं तर हुकूम टाळण्याचा तो पहिला प्रयत्न ठरतो. २२व्या प्रकरणानंतर वाचक मागे वळून ते वाक्य पुन्हा वाचेल.

पहारा: आठ तासांच्या रात्रीत चौघं एकेकटे जागले तर दोन-दोन तास, जोडीने जागले तर चार-चार तास आणि चारच तास झोप. एकट्याचा पहारा म्हणजे विश्वास, कारण बाकी तिघांचे गळे त्याच्या हाती असतात. २२ नंतर भार्गवला एकट्याने पहारा देतात का, एवढं दाखवलंत तरी संवाद निम्मे होतील. आणि त्याच्या पहाऱ्याच्या वेळी कोण झोपेचं सोंग घेतं, तेही.

शिधा कमी झाला की वाटणी कोण करतं हे ठरवून ठेवा. वाटणाऱ्याने शेवटचा वाटा उचलायचा हा जुना नियम आहे. तो मोडणारं पात्र एका ओळीत उघडं पडतं.

पानगळ

दग्याबद्दल. तो अचानक वाटतो कारण वाचकापासून कारण लपवलं आहे. कारण दाखवा, हुकूम लपवा. भार्गव राणीचं इतकं देणं का लागतो, ते चौथ्या प्रकरणापर्यंत यायला हवं. मग नवव्याच्या आसपास तो एखादा छोटा, कोणाचंही नुकसान न करणारा हुकूम मनाविरुद्ध तंतोतंत पाळतो. पंधराव्याच्या आसपास असाच एक हुकूम पाळताना नुकसान होतं, आणि तरी तो पाळतो. तीन बियाणं पुरेत. पाचवं-सहावं टाकलंत की चतुर वाचक अठराव्यातच ओळखतो आणि पुढे पात्रं त्याला मूर्ख वाटू लागतात.

ही बियाणं प्रसंगाच्या शेवटी ठेवू नका. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीवर आपोआप जोर येतो. मधोमध ठेवा आणि लगेच एखादी कृती सुरू करा.

दृष्टिकोनाचा घोळही तपासा. २२ पूर्वी एखादं प्रकरण भार्गवच्या मनातून लिहिलं असेल आणि त्यात तो हुकुमाचा विचारच करत नसेल, तर ती वाचकाची फसवणूक. त्याचं मन बंद ठेवा, नाहीतर हुकूम वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाका. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. मग ‘काय होणार’ची जागा ‘कधी कळणार’ घेतं, आणि इराशी होणारा प्रत्येक गोड संवाद वाचताना पोटात गोळा येतो.

दग्यानंतरचा भाग सगळेच घाईत उरकतात. तो रडतो, एक घाव अंगावर झेलतो, माफी मिळते, विषय संपला. अंगावर घाव झेलून प्रेम सिद्ध होतं, विश्वास परत येत नाही. बिभीषण रावणाला सोडून आपल्या चार साथीदारांसह आला तेव्हा सुग्रीवाने त्याच्यावर थेट संशय घेतला. रामाच्या छावणीत त्याला ठेवून घ्यावं का यावर चर्चा झाली. बाजू बदलणाऱ्याकडे असंच पाहिलं जातं. तेव्हा माफी चौघांनी वेगवेगळ्या वेळी द्यावी, आणि एकाने देऊच नये. नीरने देऊ नये असं माझं मत.

‘उलटतपासणी’ यांच्याशी एका बाबतीत असहमत. निष्ठा कोणाशी हे लेखिकेला पक्कं माहीत हवं, बरोबर. पण भार्गवला माहीत असायलाच हवं असं नाही. आपण राणीशी बांधलेले आहोत अशी त्याची समजूत असावी आणि प्रत्यक्षात तो स्वतःच्या शब्दाला चिकटलेला असावा. ही तफावत ज्या दिवशी त्याला कळेल तो तुमचा ३०वा अध्याय.

मुद्रितशोधक

भाषेचं हत्यार वापरा, मराठीत ते फुकट मिळतं. इरा-सोनक एकमेकांना ‘तू’. भार्गव सगळ्यांना ‘तुम्ही’. तो इराला पहिल्यांदा ‘तू’ कधी म्हणतो ते प्रकरण ठरवा आणि त्याबद्दल निवेदनात एक अक्षरही लिहू नका. दगा उघड झाल्यावर इराने त्याला पुन्हा ‘तुम्ही’ म्हणावं. शिवीपेक्षा जास्त लागेल.

तसंच ‘आपण’ आणि ‘आम्ही’. पंचविसाव्या प्रकरणात सोनक भार्गवसमोर ‘आम्ही उद्या निघतोय’ म्हणाला की तो बाहेर पडला, वेगळं सांगावं लागत नाही. मात्र हे करायचं तर सगळा खर्डा एकदा फक्त सर्वनामांसाठी वाचावा लागेल. एका ठिकाणी चुकून ‘तू’ राहिला तर परिणाम गेला.

खर्डा_तिसरा

सर्वांचे आभार. सोनक-नीरच्या जागी खरंच काही लिहिता येईना. एक उपप्रश्न: भार्गवची शपथ मंत्राने बांधलेली आहे, मोडली तर शरीर साथ देत नाही. त्यामुळे तो हुकूम पाळतो असं आहे. ठेवू की काढू?

उलटतपासणी

आहे तशी ठेवू नका. शरीरच साथ देत नसेल तर तो निष्ठावान उरत नाही, बेडी घातलेला कैदी होतो. वाचक त्याला लगेच माफ करेल आणि वर पानगळ यांनी सांगितलेलं सगळं वाया जाईल. शपथ मोडता यावी, पण किंमत ठरलेली असावी: भरून न येणारी, आणि त्याच्या धंद्याशी जोडलेली. समजा शपथ मोडली की तलवारीचा हात कायमचा लुळा पडतो. किंमत वाचकाला २२च्या बरीच आधी दिसू द्या, शक्यतो दुसऱ्याच कोणावर: वाटेत भेटलेला, एक हात लटकलेला म्हातारा शिपाई पुरे. त्याने हात का गमावला हे त्याला विचारणारी नीर असू द्या.

शिदोरी

आणि हात गेला की ओझ्याची वाटणी पुन्हा मांडा. एका हाताने त्याला गाठोडं बांधता येणार नाही, वल्हं मारता येणार नाही, पहाऱ्यावर धनुष्य ओढता येणार नाही. रोज सकाळी त्याचं गाठोडं कोण बांधून देतं ते लिहा. मी असतो तर ते काम सोनककडे दिलं असतं, कुरकुर करत.