विषय: लांब दांडीचा स्टेपलर कुणाकडे आहे? (मुलांची पुस्तकं)

पिंटूची आई
मंडळी, मंडळाचा लांब दांडीचा स्टेपलर सध्या कुणाकडे आहे? शनिवारच्या आत हवाय. स्मरणिकेचं काम झाल्यावर मी तो सामानाच्या पेटीत परत ठेवला होता, हे आधीच सांगून ठेवते. मंडळाच्या मराठी शाळेच्या ११ घरांना प्रत्येकी १० पुस्तकं द्यायचं कोजागिरीला ठरलं, ती सगळी छापून, घड्या घालून तयार आहेत. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचतच नाही. जेवणाच्या टेबलावर ढीग आहे आणि आम्ही रविवारपासून ओट्याशी उभं राहून जेवतोय.

नाना
माझ्याकडे नाही. दर वेळी संशय माझ्यावरच का, कळत नाही.
मुळात ही छापाछापी कशाला? बालभारतीने ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक नेटवर फुकट ठेवलेत. मी नातीला टॅबवर दाखवतो. एक पैसा खर्च नाही.

खजिनदार
नवा स्टेपलर घ्यायचा तर आधी मंजुरी, मग पावती. आणि कोजागिरीला ‘ठरलं’ नव्हतं, बोलणं झालं होतं. मसाला दूध पिताना जे बोलतो त्याला ठराव म्हणत नाहीत. शाईचं काय?

पिंटूची आई
शाई माझी. कागद स्मरणिकेतून उरलेला, म्हणजे मंडळाचाच. बिल येणार नाही, निश्चिंत राहा.
नाना, ‘किशोर’ मीही वाचत वाढले, पण आमचे चिरंजीव अजून ‘घर’ला ‘धर’ म्हणतात. बोलतात फाडफाड, वाचायला बसवलं की घाम फुटतो. मी छापलीत ती प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवरची, तिथे पुस्तकांच्या पातळ्या आहेत, १ ते ४. पहिल्या पातळीत पानाला एखाद-दोन वाक्यं आणि तेच तेच शब्द पुन्हा येतात. म्हणून दहात ७ पहिल्या पातळीची, ३ दुसऱ्या. संच वेगवेगळे आहेत, महिन्याने शाळेत अदलाबदल करायची. टॅबवर गोष्ट संपायच्या आत बोट दुसरीकडे जातं. पुस्तक सोफ्याखाली पडलेलं असलं तरी कधीतरी हाताला लागतं.

ग्रंथालय (किल्लीवाली)
मंडळाचं एक ग्रंथालय आहे, याची नव्या लोकांना आठवण करून देते. मुलांचे दोन कप्पे आहेत. वर्षभरात किती जणांनी पुस्तकं नेली ते रजिस्टरमध्ये आहे, इथे लिहून कुणाला लाजवत नाही. घरोघर ‘लायब्ररी’ झाली तर कपाटाकडे कोण फिरकणार? ती पुस्तकं भारतातून येताना बॅगेतून एकेक करून आणलेली आहेत. २३ किलोत लोणचं मागे ठेवून पुस्तकं आणलीत लोकांनी.

बंड्या
लोणचं मी ठेवलं होतं. घरी अजून ऐकवतात.
बाकी, कुणी जानेवारीत पुण्याहून येतंय का? अर्धा किलो काळा मसाला.

धाकटी वहिनी
किल्लीवाली ताई, रागावू नका, पण पाच वर्षांच्या पोराला डिपॉझिटचं पुस्तक दिलं की ते आपण त्याच्या हातून काढून घेतो. ‘फाटेल हं, फाटेल हं’ करत. छापलेलं फाटलं तर फाटलं. पुन्हा चार कागद.

बाळकाका
चारच्या ऐवजी तीन कागद करा की. त्या पुस्तकांची शेवटची पानं नुसती नावांची असतात, ती गाळा. शाई पण वाचेल.

धाकटी वहिनी
नाही काका, तेवढं मात्र करू नका. प्रथम बुक्सने ती छापायला, वाटायला, अगदी बदलायलाही मोकळी दिलीत. मुख्य अट ही की लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं राहिली पाहिजेत. फुकट घ्यायचं आणि वर नाव खोडायचं, हे बरं दिसत नाही. आणि ‘किशोर’चं तसं नाही हं. घरात वाचा, पण छापून गणपतीच्या स्टॉलवर विकायला ठेवू नका. (कोण म्हणालं होतं ते सांगत नाही.)

नाना
मी म्हणालो होतो. विकायचं नाही, देणगीपात्र ठेवायचं म्हणालो होतो.
माझी पानं उलटी येतात, एक सुलट, एक उलट. शिवाय कडेचा मजकूर कापला जातो.

पिंटूची आई
नाना, उभ्या पानांचं पुस्तक घडी घालून करायचं असेल तर दोन्ही बाजूंना छापताना कागद आखूड बाजूने उलटतो ती खूण करा. लांब बाजू ठेवली की मागचं पान डोक्यावर उभं राहतं. माझेही पहिले २० कागद वाया गेले, त्यावर पिंटू चित्रं काढतोय. पानं चारच्या पटीत नसली तर शेवटी कोरी राहतात, राहू द्या. आणि कडा कापल्या जातात कारण फाइल ए-फोरची, आपला इथला कागद लेटर, म्हणजे जरा आखूड. ‘कागदावर बसवा’ निवडा.
स्टेपलर???

माई
अगं, स्टेपलर हवाय कशाला? जूनमध्ये आपण जुन्या वह्यांची कोरी पानं काढून नव्या वह्या शिवायचो की नाही? वडील दाभण घेऊन बसायचे, मी दोऱ्याला मेण लावून द्यायची. घडीवर तीन भोकं पाड. आतून मधल्या भोकातून बाहेर ये, वरच्यातून आत जा, आतल्या आत थेट खालच्यातून बाहेर, परत मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घे आणि गाठ मार. एका पुस्तकाला तीन मिनिटं. पोरांच्या बोटांना पिना टोचायची भीती नाही.

बंड्या
दाभण विमानात चालतं का?

माई
मोठ्या बॅगेत टाक. पण त्यासाठी भारतात कशाला जायला हवं? गोधडीची जाड सुई इथेच मिळते.

खजिनदार
दोऱ्याला मंजुरी लागत नाही.

ग्रंथालय (किल्लीवाली)
शनिवारी येते मी, माझ्याकडे मेण आहे. जमलं तर महिन्याची अदलाबदल कपाटापाशीच करा. रजिस्टर मी ठेवीन.

पिंटूची आई
चालेल, पण डिपॉझिट नाही.
शनिवारी ३ वाजता आमच्याकडे. ११० पुस्तकं, माईंच्या हिशोबाने साडेपाच तास, त्यामुळे निदान सहा जण या. सुई आपापली आणा. चिवडा आहे, पण तेलकट हातांनी कागदाला शिवायचं नाही.

नाना
स्टेपलर सापडला. मोदकाच्या साच्यांच्या डब्यात होता. तो डबा आमच्याकडे कुणी ठेवला, हा वेगळा प्रश्न आहे. पिना नाहीत.