पॉम्पेईच्या देव्हाऱ्यात साप कशाला?

प्रश्न: पॉम्पेई या प्राचीन रोमन शहरात वेट्टी नावाच्या रोमनांच्या घरी स्वयंपाकघराजवळ भिंतीवर रंगवलेला देव्हारा पाहिला. मधे डोक्यावरून टोगा (रोमन पुरुषांचं अंगवस्त्र) घेतलेला माणूस, दोन्हीकडे नाचरे तरुण, खाली भलामोठा साप. यात देव कोण? गाईड घाईत होता.

– मधला घरधन्याचा 'जीनियस', त्याची जन्मशक्ती म्हणा. हातात धुपाची पेटी आहे बघा. नाचरे ते लारेस, घराचे राखणदार. साप शुभच, वास्तू राखणारा. रोमन चित्रांत त्याला बऱ्याचदा तुरा नि दाढीसुद्धा असते!

– पेनातेस राहिले की! कोठीघराचे देव. मला मात्र भावतो तो बुल्ला: रोमन मुलगा वयात आला की गळ्यातला हा ताईत काढून लारेसना वाहायचा.

प्रश्नकर्ता: दाढी होय! मला वाटलं, रंग उडालाय.