‘स्टिफ’ समीकरणाला मराठीत काय म्हणावं?

प्रश्नकर्ती – रासायनिक अभिक्रिया संगणकावर कशा मांडतात, यावर मराठीत टिपणं काढतेय. ‘अभिक्रियांचं जाळं’ जमलं. ‘स्पीशीज’ला कुणी ‘प्रजाती’ म्हणतं, पण चंचुपात्रातल्या रेणूंना प्रजाती म्हणवेना. सरळ ‘घटक’ लिहिलं. गाडी अडलीय ती ‘स्टिफ’ समीकरणांपाशी. ‘कडक समीकरण’ म्हटलं की चहा आठवतो.

एक उत्तर – ‘अवघड’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.

प्रश्नकर्ती – नाही हो, दिसायला ती अगदी गरीब असतात. रॉबर्टसनचं १९६६चं उदाहरण घ्या. अ-चा ब होतो, वेगस्थिरांक (अभिक्रिया किती वेगानं होते ते सांगणारा आकडा) ०.०४. दोन ब भेटले की एकाचा क होतो, स्थिरांक ३ कोटी. ब-ला क भेटला की ब-चा परत अ, स्थिरांक १० हजार. झालं, संपलं जाळं! सुरुवातीला अ-चं प्रमाण १ धरलं, तर ब काही मिलिसेकंदांत ०.००००३६च्या आसपास जाऊन बसतो. अ मात्र सेकंदा-सेकंदांनी, रमतगमत कमी होतो. आता ऑयलरच्या साध्या पद्धतीनं सोडवा, म्हणजे आत्ताच्या वेगावरून पुढच्या क्षणाची किंमत काढत, वेळेची छोटी-छोटी पावलं टाकत. पाऊल ०.०००९ सेकंदाच्या वर नेलं की ब वरखाली उड्या मारतो, ऋण होतो, उत्तर उधळतं. ब कधीचाच शांत झालाय, तरी! पुढे तर ही मर्यादा आणखी खाली येते, म्हणून ४० सेकंदांचा प्रवास करायला ५० हजारांहून जास्त पावलं.

दुसरं उत्तर – मग ‘ताठर’च. वर्तमानपत्रात ‘ताठर भूमिका’ रोज वाचतो की आपण. समोरचा ताठर असला की लहान पावलं आपल्यालाच टाकावी लागतात. शिवाय ताठ स्प्रिंग भरभर थरथरते, तोही अर्थ आत येतो. कर्टिस आणि हर्शफेल्डर यांनी १९५२च्या लेखात ‘स्टिफ’ वापरला, तोही रासायनिक गतिकीतल्या समीकरणांवरूनच.

तिसरं उत्तर – ताठर ऐकून विद्यार्थ्याला काय कळणार? ‘विषमगती’ म्हणा. कारण शब्दातच आलं.

दुसरं उत्तर – अर्धंच आलं. पहिल्या काही मिलिसेकंदांत ब खरोखर धावत असतो, तेव्हा अचूकतेसाठी बारीक पावलं हवीतच. त्यात तक्रार कसली? दुखणं पुढचं आहे. धावणारा थांबला, तरी पाऊल वाढवता येत नाही. आणि अव्यक्त पद्धत वापरली, म्हणजे पुढच्या क्षणाची किंमतच अज्ञात धरून समीकरण सोडवलं, तर हेच पाऊल कितीतरी पट लांब टाकता येतं. दर पावलाला मेहनत जास्त, पण पावलं थोडी. वेगांतली तफावत तर तेवढीच राहिली ना? म्हणून ‘विषमगती’ मला पटत नाही.

चौथं उत्तर – आमच्याकडे आजी थंडीत म्हणायची, ‘गुडघे आखडलेत.’ चालायची, पण वीतभर पावलं टाकत. ‘आखडलेलं समीकरण’ कसं वाटतं?

तिसरं उत्तर – हे झकास! माझी ‘विषमगती’ मागे घेतो. फक्त परीक्षेच्या पेपरात छापायला जरा घरगुती आहे.

प्रश्नकर्ती – टिपणात ‘ताठर समीकरण’ लिहिते, ‘ताठरता’ हे नामही आयतं मिळतं. बोलताना मात्र आखडणंच. आत्ताच शेजारच्या टेबलावर सांगून आले, ‘सकाळपासून चालवतेय, ३ सेकंदांवरच आखडलाय प्रोग्रॅम.’ अर्थ विचारावा लागला नाही कुणाला.