हॅलोविनचं गॉथिक कोलाज करायला घेतलं आणि झालं वाढदिवसाचं डेकोरेशन. मदत करा!

मुक्ता_लीड्सकर

नमस्कार मंडळी. आमच्या इथल्या लायब्ररीत ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात हॅलोविनचं छोटं प्रदर्शन असतं, यंदाची थीम जुन्या गॉथिक (पडके वाडे, भुतंखेतं, भीती अशा) कादंबऱ्या, आणि मी उत्साहात नाव देऊन बसलेय. ए-थ्री साइजचं मिक्स्ड मीडिया (कागद, रंग, कापड असं सगळं एकत्र) कोलाज द्यायचंय. मी ड्रॅक्युला घेतलाय कारण व्हिटबी, म्हणजे कादंबरीत तो इंग्लंडमध्ये जिथे उतरतो ते बंदर, आमच्यापासून गाडीने दीड-दोन तासांवर, ऑगस्टमध्येच जाऊन आलो, तिथल्या कड्यावर जाणाऱ्या प्रसिद्ध १९९ पायऱ्या मुलाने मोठ्याने मोजत चढल्या आणि वर पोचल्यावर १९७ च भरल्या म्हणून परत खाली जायचा हट्ट धरला.

तर प्रॉब्लेम असा की भोपळा, वटवाघळं, पिवळा चंद्र, लाल कॉलरचा काळा झगा असं सगळं चिकटवलं, आणि नवरा बघून म्हणाला, ‘कुणाचा बर्थडे आहे?’ दुसरं म्हणजे घरच्या इंकजेटवर प्रिंट काढल्या आणि भारतातून आणलेल्या फेविकॉलने चिकटवल्या तर शाई पसरली आणि कागद पापडासारखा फुगला. हातात तीन आठवडे आहेत. काय करू?

शाईचा_डाग

आधी फुगवट्याचं सांगते, कारण ते सोपं आहे. इंकजेटची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळते आणि फेविकॉलमध्ये पाणी असतंच, मग ती पसरणारच. लेझर प्रिंट काढ, लायब्ररीतल्या मशीनवर मिळेल. तो टोनर म्हणजे प्लॅस्टिकची पूड वितळवून बसवलेली असते, ओली केली तरी हलत नाही. चिकटवायला मॅट जेल मीडियम (ॲक्रिलिकचा बिनरंगी घट्ट गोंद) घे, बोर्डावर पातळ हात आणि कागदाच्या पाठीवरही पातळ हात, मग मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डाने हवा काढत जायचं. जाड कागद असेल तर आधी पाठीवर पाण्याचा हलका स्प्रे मारून दोन मिनिटं थांब, तो जेवढा ताणायचा तेवढा आधीच ताणला जातो. वर बेकिंग पेपर ठेवून पुस्तकांचा गठ्ठा, रात्रभर.

कागद जुना दिसायला कोरा चहा, चांगला कडक. दूध, साखर, मसाला काही नको (मी एकदा उरलेला चहा वापरला होता, आठवड्याने मुंग्या आल्या). आणि गंज हवा असेल तर तपकिरी ॲक्रिलिक ओलं असतानाच वर दालचिनीची पूड भुरभुरव, वाळल्यावर हुबेहूब जुनं लोखंड, शिवाय वास छान येतो.

पडका_वाडा

टेक्निक ठीक आहे पण तुमचा खरा घोटाळा वेगळाय. तुम्ही पुस्तकाचं कोलाज करत नाही आहात, सिनेमाचं करताय. कॉलरवाला झगा नाटक-सिनेमातून आला. १८९७ च्या कादंबरीत काउंट ड्रॅक्युला पहिल्यांदा दार उघडतो तेव्हा तो उंच म्हातारा आहे, लांब पांढऱ्या मिशा, डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, आणि तळहाताच्या मधोमध केस!! हे वाचून मला जेवढं शहारलं तेवढं कुठल्याच सुळ्यांनी नाही. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचंही तेच, मानेतले बोल्ट १९३१ च्या सिनेमाचे आणि हिरवा रंगही पुस्तकात नाही. मेरी शेलीच्या १८१८ च्या पुस्तकात त्याची कातडी पिवळी, केस काळेभोर लांब, दात मोत्यासारखे आणि ओठ काळे.

आणि तुम्ही व्हिटबी बघून आलात तर कादंबरीतलं डेमिटर जहाज (ज्यातून ड्रॅक्युला येतो ते) सोडून भोपळा कशाला? वादळात जहाज बंदरात शिरतं, सुकाणूच्या चाकाला हात बांधलेला मेलेला कप्तान, हातात क्रूस, खिशात बाटली आणि बाटलीत कागदाची गुंडाळी. जहाज थडकताच एक भलामोठा कुत्रा, म्हणजे काउंटच, उडी मारून कड्याकडे पळतो. मालात काय, तर मातीच्या पेट्या. लेखक ब्रॅम स्टोकर १८९० मध्ये व्हिटबीला राहिला होता, आणि त्याच्या आधी १८८५ मध्ये दिमित्री नावाचं रशियन जहाज तिथे खरंच किनाऱ्याला लागलं होतं. एवढं सगळं आयतं आहे तुमच्याकडे.

शिवाय ती कादंबरी मुळातच कात्रणांची आहे. डायऱ्या, पत्रं, तारा, जहाजाची नोंदवही, आणि डेमिटर येतं तो प्रसंग तर चक्क पेपरातलं कात्रण म्हणून दिलाय. तुम्हाला फक्त ते चिकटवायचंय.

अडकित्ता

एक शंका. यासाठी पुस्तकं फाडतात का हो? व्हिडिओत बघितलं, एक बाई जुन्या पुस्तकाची पानं टराटरा काढत होती, माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करायला लावायचे.

शाईचा_डाग

@अडकित्ता अगदी मनातलं बोललात, मीही नाही फाडत. गरजही नाही, या सगळ्या कादंबऱ्यांचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या साइटवर आहे, हवं ते पान जुन्या वळणाच्या फाँटमध्ये प्रिंट करायचं. चित्रांसाठी ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून जास्त चित्रं फ्लिकर या फोटोंच्या साइटवर मोकळी केली, त्यात जहाजं, नकाशे, पडके चर्च, काय वाट्टेल ते. एडगर ॲलन पोच्या कावळ्याच्या कवितेला (द रेव्हन) गुस्ताव्ह दोरे या फ्रेंच चित्रकाराने काढलेली चित्रंही (१८८४) कुणाच्या हक्कात नाहीत. सिनेमाची पोस्टरं मात्र प्रदर्शनात लावू नको, उगाच लफडं.

वटवाघूळ हवंच असेल तर जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलच्या १९०४ च्या चित्रांच्या पुस्तकातला वटवाघळांचा तक्ता शोध. फक्त चेहरेच आहेत आणि एकही गोंडस नाही.

पाणथळ

ड्रॅक्युला ठरलंय ते बरंय, पण कुणाला दुसरं करायचं असेल तर मी गेल्या वर्षी पोची अशरच्या घराची गोष्ट (१८३९) केली होती. त्यात घराच्या छतापासून खाली तळ्यापर्यंत नागमोडी गेलेली बारीक भेग आहे, लक्ष दिलं तरच दिसणारी. मी घराची प्रिंट दोनदा काढली, एक सरळ आणि एक उलटी, उलटी खाली तळ्यातल्या सावलीसारखी. कात्री लावलीच नाही, दोन्ही हाताने फाडल्या. फाडलेल्या कडेला कागदाचा पांढरा गाभा दिसतो ना, तीच भेग. खालच्या अर्ध्या भागाला ग्लॉस वार्निश आणि वरचा भाग मॅट, बास, पाणी झालं. रंग तीनच: काळा, राखाडी आणि शेवाळी. मुक्ता, तुझ्या बोर्डावर किती रंग आहेत मोजून बघ आधी, मला वाटतं तिथेच बर्थडे झालाय.

मुक्ता_लीड्सकर

मोजले. अकरा. 🙈

जुना बोर्ड काळ्या गेसोने (रंगाआधी द्यायचा अस्तराचा हात) बुजवून टाकला आणि रविवारपासून नव्याने सुरू केलंय. खाली काळ्या समुद्रापासून व्हिटबीपर्यंतचा जुना नकाशा, चहात बुडवलेला. त्यावर नोंदवहीच्या तारखा मी स्वतःच निब आणि वॉटरप्रूफ शाईने लिहिल्या, शेवटी शेवटी अक्षर वाकडं होत जाणारं. शिडांना फर्स्ट एडच्या डब्यातलं गॉझ, गोंदात बुडवून चुरगाळून. चाकाला खरी सुतळी. माणूस काढलाच नाही, फक्त सुतळीत अडकलेले दोन हात, जुन्या एन्ग्रेव्हिंगमधून कापलेले. लाल रंग कुठेच नाही.

मुलगा विचारतोय ड्रॅक्युला कुठाय. कोपऱ्यात पायऱ्या चढणारा काळा कुत्रा दाखवला तर म्हणे हा तर शेजाऱ्यांचा लॅब्रॅडोर आहे.

एकच अडलंय, पेट्यांमध्ये बागेतली माती लावलीय ती उभं केलं की गळतेय.

शाईचा_डाग

बागेतली ओलसर माती डायरेक्ट लावू नको गं, बुरशी येईल. ओव्हनमध्ये मंद आचेवर कोरडी कर, चहाच्या गाळणीने चाळ, जेल मीडियममध्येच कालवून चटणीएवढी घट्ट कर आणि जुन्या सुरीने थाप. एक दिवस आडवं वाळू दे, मग वरून मॅट वार्निशचे दोन हात. आणि कुत्र्याचे कान टोकदार कर, लॅब्रॅडोरपणा जाईल.