अंगकोरला सासूबाई आणि मुलांसह: किती दिवस ठेवावेत?

प्रश्न
डिसेंबरात कंबोडियात सिएम रीपला जातोय, अंगकोरची मंदिरं पाहायला. सासूबाई ७१ वर्षांच्या, पक्क्या शाकाहारी, गुडघे दुखतात. मुलं ९ आणि १३ वर्षांची. एक दिवस पुरेल का? आणि जेवणाचं काय?

उत्तर १
एक दिवस अजिबात नको! आम्ही तीन दिवसांचा पास घेतला, तेव्हा ६२ डॉलर पडले. तो १० दिवसांत कधीही वापरता येतो. १२ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण पासपोर्ट जवळ ठेवा.

आईला पहिल्या दिवशी अंगकोर वाट मंदिराच्या फक्त खालच्या ओवऱ्या दाखवल्या. पश्चिमेच्या भिंतीवर कुरुक्षेत्र कोरलंय. शरपंजरी भीष्म दिसले आणि आई तिथंच हात जोडून उभी राहिली. पूर्वेला जवळपास ४९ मीटर लांब समुद्रमंथन आहे. बाराव्या शतकात राजा दुसऱ्या सूर्यवर्मनानं हे मंदिर विष्णूसाठी बांधलं, हे ऐकल्यावर तिला तिथून हलवणं अवघड झालं. मधल्या मनोऱ्याचा जिना फार उभा आहे, सासूबाईंना तिकडे नेऊ नका. धाकट्यालाही वर सोडणार नाहीत, १२ वर्षांखालच्यांना मनाई आहे. खांदे, गुडघे झाकलेले हवेत.

उत्तर २
जेवणात प्राहोक सांभाळा. ही आंबवलेली मासळी, भाजीतही घालतात. 'अमोक' हा तिथला पदार्थ नारळाच्या दुधातला असतो, टोफूचा मागा. माझ्या मुलीनं तो तीन दिवस रोज खाल्ला.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार. तीन दिवस नक्की, भीष्म पहिल्याच सकाळी!