मदत हवी आहे: मिनी सँडविचचा तळ ओला होऊ नये म्हणून काय करावं?

बऱ्याच जणांसाठी ओव्हनमध्ये मिनी सँडविच करायची आहेत. जोडलेले छोटे बन सुटे न करता आडवे कापायचे, सारण भरायचं, वरून लसूण घातलेलं बटर लावायचं, इथपर्यंत ठरलंय. काळजी आहे ती खालच्या थराची. मशरूम आणि टोमॅटोला पाणी सुटतं, बन लिबलिबीत होतो. मशरूम अगदी कोरडे होईपर्यंत परतणार आहे, चीजही सारणाच्या खाली-वर दोन्हीकडे घालणार आहे. तरी खालचा भाग आधी नुसताच 5 मिनिटं भाजून घेतला तर तो कडक होईल का? 180 अंशांवर फॉइल झाकून 15 मिनिटं, मग फॉइल काढून 5 मिनिटं पुरेल? आणि मुख्य म्हणजे, आदल्या रात्री भरून फ्रीजमध्ये ठेवलेली चालतील का? सगळ्यांना गरमच वाढायची आहेत हो!