मदत हवी आहे: कॅलिफोर्नियात घराचं डिपॉझिट अडकलंय, स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) दावा लावावा का?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या कोर्टकचेऱ्यांची माहिती असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आम्ही एप्रिलअखेरीस सनीवेलहून ऑस्टिनला राहायला आलो. सनीवेलचं अपार्टमेंट एका मोठ्या मॅनेजमेंट कंपनीकडे होतं (नाव मुद्दाम देत नाही). चार वर्षांहून जास्त राहिलो, भाडं कधी उशिरा गेलं नाही. डिपॉझिट ३,००० डॉलर होतं. ३० एप्रिल २०२५ ला चाव्या दिल्या, आणि २ जूनची तारीख टाकलेलं पत्र आलं, सोबत ४१० डॉलरचा चेक. बाकीचे कापलेत: कार्पेट १,१५०, रंग ७८०, साफसफाई ४५०, ब्लाइंड्स २१०. एकाही खर्चाची पावती नाही, फोटो नाहीत. कार्पेट आम्ही राहायला गेलो तेव्हाच जुनं होतं. तसे फोटो आहेत माझ्याकडे.

फोन केला की "तुमचं म्हणणं नोंदवून घेतलंय" एवढंच उत्तर. एका वकिलाला विचारलं, तर त्याची तासाची फी ऐकून मुकाट्यानं फोन ठेवला. नवरा म्हणतो, जाऊ दे, ग्रीन कार्डचं काम चालू आहे, कशाला कोर्टाच्या भानगडीत पडायचं. मला मात्र ते २,५९० डॉलर सोडवत नाहीयेत.

कंपनीविरुद्ध साध्या माणसाचं कोर्टात काही चालतं का? टेक्सासमध्ये बसून कॅलिफोर्नियात दावा लावता येतो का? करारात आर्बिट्रेशनचं (वाद कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे नेण्याचं) एक कलम आहे, ते आड येईल का? आणि तो चेक वटवू की नको?

गवतीचहा

चेक वटवण्याआधी मागची-पुढची बाजू आणि सोबतचं पत्र नीट वाचा. "पूर्ण व अंतिम रक्कम" अशा अर्थाचं काही छापलं असेल तर थांबा, कारण तो वटवला म्हणजे तडजोड मान्य केली असा युक्तिवाद होऊ शकतो. तसं काही नसेल तर खुशाल वटवा. त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, तो पुढे कामाला येईल.

रानपाखरू

अमेरिकेत काय, कोणीही उठतो आणि कंपन्यांकडून लाखो डॉलर उकळतो. ती मॅकडोनाल्ड्सची कॉफी अंगावर सांडलेली बाई आठवा. तुम्हीही मानसिक त्रासाचे पन्नास हजार मागा, घाबरून पाच देतील.

बंडूनाना

रानपाखरू, ती गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. त्या बाई ७९ वर्षांच्या होत्या. भाजल्यामुळे त्यांना त्वचारोपण करून घ्यावं लागलं होतं. १९९४ साली आल्बुकर्कीच्या ज्युरीनं त्यांची स्वतःची २० टक्के चूक धरली आणि दोन लाखांच्या भरपाईतून तेवढे कापून १ लाख ६० हजार डॉलर दिले. दंड म्हणून जे २७ लाख लावले होते ते जजनंच ४ लाख ८० हजारांवर आणले, आणि शेवटी दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं. म्हणजे तिथेही हिशेबच झाला, लॉटरी लागली नाही. चाफेकळीताई, मानसिक त्रासाचे पन्नास हजार वगैरे अजिबात मागू नका. जजसमोर पहिल्या मिनिटाला पत जाते.

सांजवेळ

चाफेकळी, मी वकील नाही, पण बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात) डिपॉझिटसाठी स्वतः दावा लावून झालाय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमची बाजू किती भक्कम आहे ते बघा. कॅलिफोर्नियात घर सोडल्यापासून २१ दिवसांत घरमालकानं डिपॉझिट किंवा कपातीचा तपशील द्यायचा असतो. तुमची मुदत २१ मे ला संपली, पत्र जूनचं. दुरुस्ती आणि साफसफाईचा खर्च १२५ डॉलरच्या वर असेल तर पावत्या जोडाव्या लागतात, त्या नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून, तुम्ही घर सोडल्यानंतर पण दुरुस्तीच्या आधी, आणि पुन्हा दुरुस्ती झाल्यावर, असे फोटो काढणं मालकावर बंधनकारक झालंय, ते भाडेकरूला द्यावेही लागतात. तुम्ही ३० एप्रिलला निघालात, म्हणजे हा नियम तुम्हाला लागू.

मुदत चुकवलेल्या मालकाबद्दल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा ग्रॅनबेरी नावाचा निकाल आहे. त्याचं सार असं, की वेळेत हिशेब दिला नाही तर परस्पर पैसे कापून ठेवायचा हक्क जातो, सगळं डिपॉझिट परत करावं लागतं. पण खरोखर नुकसान झालं असेल तर मालक ते कोर्टात वेगळं सिद्ध करून मागू शकतो. त्यामुळे "उशीर केला, संपलं" एवढ्यावर विसंबू नका, कार्पेटचं उत्तर तयार ठेवा.

कार्पेटचं उत्तर सोपं आहे. रोजच्या वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. कार्पेटचं आयुष्य जज साधारण आठ-दहा वर्षं धरतात आणि उरलेल्या वर्षांपुरतीच किंमत मोजतात. तुमच्या आधीच ते जुनं, वर तुमची चार वर्षं, म्हणजे त्याची किंमत जवळपास उरतच नाही. रंगाचंही तेच.

आता कोर्ट. तिथे हा फौजदारी मामला नाही, त्यामुळे निःसंशय सिद्ध वगैरे काही करायचं नसतं. पारडं तुमच्या बाजूनं किंचित जरी झुकलं तरी पुरतं. स्मॉल क्लेम्समध्ये व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, तर कंपनी दावा लावणार असेल तर तिला ६,२५० पर्यंतच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुनावणीला वकील उभा करता येत नाही, कंपनीलासुद्धा नाही. तिला आपला कर्मचारी पाठवावा लागतो. माझ्या वेळी जी मुलगी आली होती तिनं आमचं घर कधी पाहिलंच नव्हतं.

घर सनीवेलला, म्हणजे दावा सँटा क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं). आधी मागणीपत्र पाठवा, कारण फॉर्ममध्ये "आधी पैसे मागितलेत का" असं विचारतातच. मालकानं वाईट हेतूनं पैसे अडकवले असं जजला वाटलं तर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत जादा रक्कम देता येते. म्हणून २,५९० अधिक ६,००० असे ८,५९० लिहा. दुप्पट मिळेलच असं नाही, मला मिळाले नव्हते, पण मागितलेच नाहीत तर मिळायचा प्रश्नच येत नाही. फॉर्म एससी-१००, या रकमेला फी ७५ डॉलर, जिंकलात तर तीही परत मिळते.

प्रतिवादीचं नाव मात्र अचूक हवं. दारावरच्या पाटीवर असतं ते नाव नको, करारावर मालक म्हणून जी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असेल ती आणि मॅनेजमेंट कंपनी, दोघींना गोवा. राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या संकेतस्थळावर दोघींचे नोटीस घेणारे एजंट सापडतील. नोटीस तुम्ही स्वतः द्यायची नाही, दाव्यात नसलेल्या कुणीही सज्ञान माणसानं द्यायची. मैत्रिणीला सांगा, नाहीतर शेरीफच्या (काउंटीच्या पोलीस अधिकाऱ्याच्या) कार्यालयाकडून बजावून घ्या.

टेक्सासमधून हजर राहायचं तर व्हिडिओवरून परवानगी मिळते का ते कोर्टाच्या संकेतस्थळावर बघा आणि अर्ज वेळेत करा. प्रत्येक काउंटीत स्मॉल क्लेम्सचा मोफत सल्लागार असतो, त्याला आधी फोन करा. माणसं खरंच मदत करतात.

अंगणवेल

सांजवेळ +१. फक्त एक भर: तुम्ही वादी, त्यामुळे हरलात तर कॅलिफोर्नियात अपील नाही. कंपनी हरली तर तिला ३० दिवसांत अपील करता येतं, सुनावणी पुन्हा पहिल्यापासून होते आणि तेव्हा वकील चालतो. म्हणून पहिल्याच सुनावणीला सगळे कागद तीन प्रतींत नेऊन बसायचं (व्हिडिओ असेल तर आधीच पाठवायचे). जज दहा-पंधरा मिनिटं देतात. त्यात आपली हकिगत सांगत बसू नका, तारखा सांगा.

वाचनमात्र असलेल्यांसाठी: हे सगळं कॅलिफोर्नियाचं. आमच्या न्यू जर्सीत मुदत ३० दिवसांची, स्मॉल क्लेम्सची मर्यादा ५,००० डॉलर. राज्य बदललं की आकडे बदलतात.

बंडूनाना

आर्बिट्रेशनच्या कलमाबद्दल. हा अमेरिकेतला कंपन्यांचा आवडता दरवाजा. १९२५ चा केंद्रीय कायदा आहे, त्याच्या जोरावर कंपन्या ग्राहकाला कोर्टाऐवजी खासगी लवादाकडे वळवतात. २०११ मध्ये एटी अँड टीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर सामूहिक दावा लावायची वाटही या कलमानं बंद करता येते असं ठरवलं. वाद कशावरून होता? "फुकट" फोनवर लावलेल्या ३०.२२ डॉलर करावरून! एकट्यानं तीस डॉलरसाठी कोण भांडणार?

पण अशा बहुतेक कलमांतच स्मॉल क्लेम्सचा रस्ता मोकळा ठेवलेला असतो. तुमचं कलम शेवटपर्यंत वाचा, आणि सल्लागाराला तेवढा परिच्छेद वाचून दाखवा.

अवांतर: अमेरिकेच्या घटनेच्या सातव्या दुरुस्तीत (१७९१) दिवाणी दाव्यात २० डॉलरच्या वर ज्युरी मागायचा हक्क लिहिलाय, आकडा अजून तसाच आहे. तो केंद्रीय कोर्टांपुरता. स्मॉल क्लेम्समध्ये ज्युरी नसते, एकटा जज ठरवतो.

गवतीचहा

ग्रीन कार्डची काळजी नको. दिवाणी दाव्यात वादी असणं म्हणजे गुन्हा नव्हे, त्यानं गुन्हेगारीची नोंद होत नाही. इमिग्रेशनचा वकील नाहीतरी आहेच तुमचा, हवं तर त्याला एका ओळीची इमेल टाका.

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार! चेकवर तसं काही छापलेलं नव्हतं, वटवला. कलमात स्मॉल क्लेम्स वगळलंय. मागणीपत्राला उत्तर म्हणून कंपनीनं उलट लिहिलंय की आणखी ६०० डॉलरचं नुकसान निघालं, ते न भरल्यास वसुली एजन्सीकडे देऊ. क्रेडिट खराब होईल का?

सांजवेळ

धमकी नेहमीची आहे, माझ्याही वेळी दिली होती. ती रक्कम मान्य नाही असं कंपनीला आत्ताच लेखी कळवा. एजन्सीचं पत्र खरंच आलं तर मिळाल्यापासून ३० दिवसांत तिलाही लेखीच कळवा. कर्जाचा पुरावा देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते, तसा १९७७ चा केंद्रीय कायदा आहे. फोनवर एक शब्द बोलू नका. आणि कंपनीचं हे पत्र पुराव्यात लावा. मुदत उलटल्यावर, तुम्ही पैसे मागितल्यावर नवं नुकसान "निघालं", हे वाईट हेतू दाखवायला बरंच आहे.

चाफेकळी

धागा वर काढते. दावा दाखल केला, मैत्रिणीनं एजंटला नोटीस दिली, आणि चारच दिवसांत कंपनीच्या मुख्य कार्यालयातून इमेल: १,८०० डॉलर देतो, दावा मागे घ्या. नवरा म्हणतो घे. काय करू? समजा जिंकले, तर कोर्ट पैसे काढून देतं ना?

अंगणवेल

नाही देत. कोर्ट निकाल देतं, वसुली आपली आपण करायची. अपिलाची मुदत गेल्यावरही पैसे आले नाहीत तर कोर्टाकडून आदेश घेऊन शेरीफमार्फत त्यांच्या बँक खात्यावर टाच आणता येते. कोणती बँक, कोणतं खातं, हे ४१० च्या चेकवर आहेच (गवतीचहांनी फोटो काढायला सांगितला तो यासाठीच असावा). निकालाच्या रकमेवर साधारण १० टक्के व्याज चढतं, आणि धंदा चालू असलेली कंपनी एवढ्यासाठी खातं गोठवून घेत नाही. बुडवायची भीती असते ती किरकोळ कंत्राटदाराची, जो उद्या नावच बदलेल.

सांजवेळ

मी असते तर १,८०० घेतले नसते. २,५९० अधिक फी, शिवाय ६०० ची मागणी सोडल्याचं आणि एजन्सीकडे काही न पाठवण्याचं लेखी, एवढं मागा आणि उत्तराला एक आठवडा द्या. दुपटीचा मुद्दा तुमच्याकडून सोडा, त्यांनाही काहीतरी मिळाल्यासारखं वाटेल. मान्य झालं तरी पैसे खात्यात जमा होऊन चेक वटेपर्यंत दावा काढून घेऊ नका, आणि सुनावणीची तारीख मध्येच आली तर हजर राहा.